पडद्यामागची नळी

३ फेब्रुवारी, सोमवार

नोकरीला लागले एकदाची! दवाखान्याच्या मागच्या इमारतीत पूर्वी मोडक्या खुर्च्या ठेवायचे, ती खोली आता आमच्या अभ्यासाची. एक खिडकी, तपासणीचं उंच टेबल, पाण्याची किटली आणि मी. पदाचं नाव संशोधन सहायक. दिवसभरात हे नाव मनातल्या मनात इतक्यांदा म्हटलं की शेवटी त्याचा अर्थच गेला.

डॉक्टर मॅडमनी काम समजावलं. एचआयव्ही असलेल्या बायका आता रोजच्या गोळ्यांवर वर्षानुवर्षं धडधाकट जगतात. पण गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर त्यांना इतर बायकांपेक्षा कितीतरी जास्त गाठतो. तो हळूहळू वाढतो, वेळेवर सापडला तर बाई वाचते. सापडत नाही, कारण त्या टेबलावर चढायला कोणी तयार नसतं. म्हणून आमचा प्रयोग असा, की बाईने आडोशाला जाऊन स्वतःच एका मऊ ब्रशने नमुना घ्यायचा आणि नळीत टाकून द्यायचा. हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो तो नळीत सापडला, तरच पुढची तपासणी. वय तीस ते पन्नास. हे जमलं तर टेबलाला घाबरणाऱ्या कितीतरी बायका वाचतील!

"ब्रश कसा धरायचा ते सांगणं तुझं काम," मॅडम म्हणाल्या. "आणि त्या काय सांगतात ते ऐकणं."

घरात पहिली पदवी माझी, तीही संख्याशास्त्राची. बाबांना अजून कळलेलं नाही की आकडे मोजायला शिकायला तीन वर्षं का लागली. आज म्हणाले, "नमुने गोळा करायचेत? मग घराबाहेर कशाला जातेस, आत्याला बोलाव." आई हसली नाही. तिने शेजारणीला सांगितलंय की मुलगी साखरेच्या आजारावर काम करते. मला राग आला. "आई, हा पण आजारच आहे."

"माहीत आहे गं," ती म्हणाली. "पण साखर कशी, कुणाच्याही तोंडात बसते."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आडोसा म्हणून जी चौकट होती तिच्या फटीतून अख्खी खोली दिसते. मी मॅडमच्या मागे लागून जाड निळं कापड मिळवलं, आईने त्याला कडा घातल्या, बाबांनी गॅरेजमधून सळई आणून बसवून दिली. जमिनीपर्यंत लोळणारा पडदा! सिस्टर तीस वर्षं या दवाखान्यात आहेत आणि त्यांची जीभ त्याहून जुनी आहे. बघून म्हणाल्या, "नाटकाचा पहिला प्रयोग कधी?"

म्हणोत बापड्या. पडद्याआड बाई एकटी असेल, तिच्या शरीराची मालकीण. हे वाक्य मला सुचलं तेव्हा अंगावर काटा आला. अहवालात घालायला हवं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गटाचा पहिला दिवस. महिन्याच्या गोळ्या घ्यायला या बायका एकाच बुधवारी येतात, त्यामुळे एकमेकींना ओळखून आहेत. नावं मी इथे लिहिणार नाही, तशी शपथच घेतली आहे. त्यांची आपसांतली नावं चालतील.

पुढारी म्हणजे टोपीवाली काकू. नव्या जन्मलेल्या बाळांसाठी लोकरीच्या टोप्या विणते. बोलताना सुया थांबत नाहीत आणि सुया चालताना बोलणं थांबत नाही. मी ब्रश दाखवला तर म्हणाली, "एवढासाच? आमच्या नशिबात सगळे ब्रश भांडी घासायचेच आले." सगळ्या खिदळल्या. माझी भीती पळाली.

तिची जिवाभावाची मैत्रीण केळीवाली मावशी. बाजाराच्या तोंडाशी गाडी लावते. उंच, हाडं मोठी, पण चेहरा थोडा उतरलेला. वय विचारलं तर म्हणाली, "पंचेचाळीस लिही. का गं, स्थळ आणतेस?" थोड्या वेळाने नातवाचं कौतुक सांगत होती. त्याला मिशा फुटल्यात म्हणे, आणि तो आरशापुढून हलत नाही. किती गोड आजी!

एकेक जण पडद्याआड जाऊन नळी देऊन गेली. केळीवाली मावशीच तेवढी राहिली. माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, "आज नको. अंगावरून जातंय."

पाळीत नमुना घेता येत नाही, नियम आहे. मी म्हटलं, "काही हरकत नाही मावशी, पुढच्या महिन्यात." वहीत तसं लिहिलं: पाळी चालू.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आईचा रक्तदाब वाढलेला निघाला. मीच दवाखान्यात नेलं, मीच गोळ्या आणल्या, आणि कामावर शिकलेलं सगळं घरी वापरलं: गोळी कशाची, कधी घ्यायची, चुकली तर काय. रोज घरात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "घेतलीस?" आई म्हणते, "घेतली हो, माझे आई." बाबा म्हणतात, या घरात आता दोन डॉक्टर आणि एकच पेशंट. दुसरा डॉक्टर कोण ते सांगत नाहीत.

आपलं शिक्षण घरच्यांच्या कामी येतं यासारखं सुख नाही.

१२ मार्च, बुधवार

केळीवाली मावशीची पुन्हा पाळी! मी म्हटलं, "मावशी, तुमची पाळी आणि माझा बुधवार एकाच कॅलेंडरवर दिसतायत." सगळ्या हसल्या. टोपीवाली काकू हसली नाही, तिच्या सुईवरून टाके निसटले होते बहुतेक.

मावशी पायरीवर बसून होती बराच वेळ. मी विचारलं, बरं नाही का? म्हणाली, "काही नाही, हाडं दमलीत." गाडी ढकलायची म्हणजे दमणारच. मी तिला पाणी आणून दिलं. तिने माझ्या गालाला हात लावला. हात गार होता.

३ एप्रिल, गुरुवार

मॅडमनी बोलावलं. प्रयोगशाळेकडे या गटाच्या नळ्या पाठवायची मुदत या महिन्यापुरतीच. "तुझा गट जवळपास पूर्ण झालाय, छान." आमच्या गटात एकही नकार नाही. बाकीच्या दवाखान्यांत निम्म्या बायका पळून गेल्या म्हणे! मॅडमनी विचारलं, "एकीनेही नाही म्हटलं नाही? आश्चर्य आहे." मी म्हटलं, विश्वासाचं नातं आहे मॅडम. त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. खूश असाव्यात.

आता फक्त केळीवाली मावशी.

९ एप्रिल, बुधवार

झालं! झालं! झालं!

सकाळी मावशी आली, तेव्हा तोंडावरून कळत होतं की आजही टाळणार. मी तिचे दोन्ही हात धरले. "मावशी, सगळ्या गटात तुम्हीच राहिलात. आज नाही झालं तर तुमचं नाव अभ्यासातून जाईल. माझ्यासाठी एवढं करा. आज तरी पाळी नाही ना?"

ती टोपीवालीकडे बघत राहिली. टोपीवालीने सुया पिशवीत खोचल्या. "नाही आज. पण हिचे गुडघे धरलेत, हिला वाकता येत नाही. मी जाते बरोबर."

नियमात एकटीने जायचं आहे, पण गुडघ्यांसाठी नियम नाही. दोघी पडद्याआड गेल्या. कुजबुज, मग दबलेलं हसू, मग काहीच नाही. नळी बाहेर आली ती टोपीवालीच्या हातात. मावशी मागून कपडे सावरत. मी चक्क टाळ्या वाजवल्या! बाकीच्या बायकांनीही वाजवल्या. सिस्टर दारातून म्हणाल्या, "पडदा पडला की टाळ्या, म्हणजे नाटकच होतं."

शंभर टक्के. मी हे घरी येऊन आईला सांगितलं. तीही खूश झाली. तिची गोळीही वेळेवर.

९ मे, शुक्रवार

निकाल आले. गटात दोघींच्या नळीत विषाणू सापडला, दोघींना पुढच्या तपासणीला बोलावलंय, त्या येताहेत. बाकी सगळ्या स्वच्छ. केळीवाली मावशीसुद्धा!

तिने सांगून ठेवलं होतं की गाडीवर येऊन सांग, पण लोकांपुढे 'साखर' म्हण. आई आठवली आणि हसू आलं. मी बाजारात गेले. मावशी स्टुलावर बसली होती, गिऱ्हाईक स्वतःच केळी तोडून घेत होतं.

"मावशी, साखर नाही हं तुम्हाला. अजिबात नाही."

"नाही म्हणजे? मला?"

"तुम्हालाच. एकदम स्वच्छ."

"मग हे..." तिचा हात ओटीपोटाशी गेला. मग म्हणाली, "यंत्र चुकत नसेल ना गं?"

"यंत्र कशाला चुकेल! लेखी आलंय."

तिने डोळे मिटले. केवढा भार उतरला असेल. मला एक अख्खा घड देऊ लागली, मी एक केळं घेतलं, नियमात तेही बसत नाही. "आता उगाच काळजी करत बसू नका," मी म्हटलं. ती म्हणाली, "नाही करत. तू म्हणतेस तर नाही करत."

परतताना पाय जमिनीवर नव्हते. याचसाठी शिकले मी.

१४ मे, बुधवार

आज एक विचित्र झालं. मावशीने टोपीवालीला आपला निकाल सांगितला असावा. टोपीवाली एकटी खोलीत आली, दार लावलं आणि विचारलं, "कुणी दवाखान्यात न येता चांगलं होऊ शकतं का? आपोआप?" मी विचारलं, कोण? म्हणाली, कुणी नाही, असंच. विणत होती ती टोपी तिने पार उसवून टाकली.

वयाने माणसं हळवी होतात.

१७ मे, शनिवार

आई पडली. ती कामाला जाते त्या धुलाईघरात, चादरींच्या घड्या घालताना चक्कर येऊन. तशीच दवाखान्यात नेली. रक्तदाब एवढा वर की सिस्टरनी पट्टी दुसऱ्या दंडाला बांधून पुन्हा बघितलं. "गोळ्या चालू आहेत ना?" मी छाती पुढे काढून म्हटलं, एकही चुकलेली नाही.

घरी आल्यावर तिचं पांघरूण काढायला गेले, तर खाली बटणांचा डबा. डब्यात बटणांच्या खाली गोळ्यांची पाकिटं. जशी आणली तशी, बंद.

मी ओरडले. खूप ओरडले. आई उशीला टेकून ऐकत होती. मग म्हणाली, "ती गोळी घेतली की सारखं उठावं लागतं. तिथे दोनदा उठलं की मुकादम घड्याळ बघतो."

"मग मला सांगायचंस! गोळी बदलून मिळते!"

"कधी सांगू? तू दारातून आत येतेस ती विचारतच. चेहरा असा असतो तुझा, परीक्षेत पहिली आल्यासारखा. नाही म्हटलं असतं तर पडला असता." आणि माझा हात ओढून घेत म्हणाली, "तुला नाही म्हणवत नाही गं कुणाला. तुझा दोष नाही."

बाबा म्हणाले, "मला माहीत होतं." दुसरा डॉक्टर कोण ते आज कळलं: आईच.

१८ मे, रविवार

'कुणाला' म्हणाली आई. 'मला' म्हणाली नाही.

दिवसभर भांडी घासतेय, कपडे वाळत घालतेय आणि तेच डोक्यात. आमच्या गटात एकही नकार नाही. बाकी सगळीकडे निम्म्या पळाल्या आणि माझ्याकडे एकही नाही. मॅडमचं ते बघणं. पडद्यामागचं हसू. नळी कुणाच्या हातात होती.

आणि नातवाच्या मिशा. अभ्यासात घेण्याचं वय पन्नासच्या आत. मी संख्याशास्त्राची पदवीधर, मला साधी वजाबाकी सुचली नाही.

१९ मे, सोमवार

टोपीवाली काकूच्या घरी गेले. एकच खोली, खाटेवर लोकरीचे गुंडे. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "आलीस? मी रोज वाट बघतेय."

नळी तिची होती. दोन्ही नळ्या तिच्याच.

"ती छप्पन्नाची आहे पोरी. पाळी जाऊन किती वर्षं झाली. आणि गेल्या पावसाळ्यापासून हे अंगावरून जाणं. आज आहे, उद्या नाही, परवा पुन्हा. मी म्हटलं डॉक्टरला सांग. ती म्हणे, वय कळलं तर नाव काढतील, मग आहे तो दवाखानाही तुटेल. आणि तुला सांगितलंच होतं तिने. दोनदा."

सांगितलं होतं. अंगावरून जातंय. मी 'पाळी चालू' लिहिलं आणि कॅलेंडरचा विनोद केला.

"मग तुम्ही कशाला दिलीत तिच्या नावाने?"

टोपीवाली पहिल्यांदाच माझ्यापुढे रागावली. "तू हात धरलेस तिचे! म्हणालीस नाव जाईल. म्हणालीस माझ्यासाठी. आम्हाला काय माहीत त्या नळीवर तू तिला स्वच्छ म्हणशील? आम्हाला वाटलं एकदा नाव टिकलं की पुढे डॉक्टर बघतीलच. वर तू टाळ्या वाजवल्यास. टाळ्या वाजल्यावर कोण सांगणार गं, की आमचं खोटं आहे?"

मग ती रडायला लागली आणि मीही. तिने माझे डोळे अर्धवट विणलेल्या टोपीने पुसले.

२० मे, मंगळवार

मॅडमना सगळं सांगितलं. उभ्यानेच. नोकरी जाईल हे धरूनच गेले होते.

त्यांनी आधी नळीचं विचारलं नाही, गटाचं विचारलं नाही. विचारलं, "रक्तस्राव कधीपासून?" मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. सिस्टर कोपऱ्यात इंजेक्शनच्या सुया लावत होत्या, त्याही थांबल्या. "छप्पन्नाव्या वर्षी पाळी," एवढंच म्हणाल्या. एरवी त्यांचा टोमणा चालला असता.

मी विचारलं, "मी आता काय करू?"

"अभ्यासातून दोघींच्याही नळ्या बाद. वरच्यांना मी कळवते, माझ्या नावाने. पडद्याआड दोघी गेल्या तेव्हा खोलीची जबाबदारी माझी होती," मॅडम म्हणाल्या. "ती बाई अभ्यासातून गेली. दवाखान्यातून गेलेली नाही. तिला घेऊन ये. तू तिला स्वच्छ म्हणालीस, आता तूच जाऊन ते परत घे."

२१ मे, बुधवार

गाडीवर गेले. साखर-बिखर काही म्हटलं नाही, शेजारी बसले आणि हळू सांगितलं की तो निकाल तुमचा नव्हता, मला कळलंय, माझी चूक झाली.

मावशी केळ्यांवरच्या माश्या वारत राहिली. "एकदा स्वच्छ म्हणालीस ना? मग राहू दे."

"मावशी, तपासायलाच हवं. वाढत असेल तर..."

"माहीत आहे मला काय असेल ते. आई अशीच गेली माझी." जरा वेळाने म्हणाली, "तू सांगितलंस त्या दिवसापासून मी झोपले गं. किती महिन्यांनी झोपले. ते पण काढून घेणार?"

माझ्या तोंडावर आलं होतं, माझ्यासाठी या. ते गिळलं. मग म्हटलं, "नाही यायचं तर नाही म्हणा. मी रुसणार नाही. उद्या पुन्हा येईन, तेव्हाही नाही म्हणा."

"नाही," ती म्हणाली.

आयुष्यात कुणी इतकं सरळ नाही म्हटलं नव्हतं मला. घरी आले. आईला काहीच विचारलं नाही. ती स्वतःहून म्हणाली, "नवी गोळी घेतली. जीभ कडू झालीय, शी." मी तिला साखर दिली.

२३ मे, शुक्रवार

काल गेले. नाही. आज गेले. नाही. आज मात्र तिने माझ्यासाठी दुसरं स्टूल मागवून ठेवलं होतं. गिऱ्हाइकांना सांगत होती, "ही? ही माझी नाही ऐकायला येते रोज."

मी केळी मोजून देत बसले. मध्ये तिला गाडीचा दांडा धरून उभं राहावं लागलं. मी विचारलं, दुखतंय? आणि मग गप्प राहिले, उत्तर तिच्या तोंडात न घालता. ते गप्प राहणं फार अवघड गेलं.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "रात्री फार."

२६ मे, सोमवार

मावशी आली. टोपीवाली एका बाजूला, मिशा फुटलेला नातू दुसऱ्या. त्याला बाहेर बसवलं. मावशी टेबलावर चढली, ज्याला सगळ्या घाबरतात त्या.

मी पडदा ओढायला गेले तर म्हणाली, "तू आतच थांब. त्या दिवशी बाहेर ठेवलं तुला, ते चुकलंच."

मी डोक्याशी उभी राहिले. मॅडमनी दिवा वळवला. मावशीने छताकडे बघत विचारलं, "दुखलं तर सांगायचं?"

"सांगायचं," मॅडम म्हणाल्या.

थोड्या वेळाने ती ओरडली, "दुखतंय! थांबा म्हणते ना!" आणि मॅडम थांबल्या. थांबल्या हे बघून मावशीला नवल वाटलं. मला म्हणाली, "थांबतात की गं."

डोळ्यांना दिसतच होतं, मॅडम नंतर बाहेर येऊन म्हणाल्या. तुकडा तपासायला गेलाय, पण शंका नाही. उशीर झालाय. फेब्रुवारीत कळलं असतं तर बरं होतं, हे त्यांनी म्हटलं नाही. मीच इथे लिहितेय.

५ जून, गुरुवार

तुकड्याचा निकाल आला. कॅन्सरच आहे, पण शरीरभर पसरलेला नाही. आजूबाजूला गेलाय, पण दूर कुठे नाही. मॅडम म्हणाल्या, रेडिएशन आणि सलाइनमधून औषध, रोजच्या गोळ्या चालूच. बऱ्या होण्यासारख्या आहेत. 'होतील' म्हणाल्या नाहीत, 'होण्यासारख्या'. मी मावशीला नेमका तोच शब्द सांगितला. ती म्हणाली, "या वेळी लेखी आलंय असं नाही म्हणालीस."

माझी नोकरी आहे. गटाचे शंभर टक्के गेले. माझ्या विचारण्यात बदल झाला आहे. पाळी चालू आहे का असं आता मी विचारत नाही. शेवटची पाळी कधी आली, त्यानंतर अंगावरून कधी गेलं, असं विचारते आणि किटली चालू करून बाजूला बसते. या बुधवारच्या नव्या गटात चौघींनी नाही म्हटलं. सिस्टर म्हणाल्या, "वा, पडदेवाली, खरं काम सुरू झालं वाटतं."

३ जुलै, गुरुवार

रेडिएशनला मावशीबरोबर आज मी गेले, टोपीवालीचा डोळा दुखतोय. खालच्या मजल्यावरची लांब खोली, गार भिंती. मावशी आत जाऊन आली आणि बाकावर टेकली. डोक्याला टोपीवालीने विणलेली टोपी, मोठ्या माणसाच्या मापाची, तिने आयुष्यात पहिल्यांदाच विणलेली. एक कान झाकतो, एक नाही.

"कसं वाटतंय मावशी?"

पूर्वी म्हणाली असती, काही नाही, हाडं दमलीत. आज माझ्याकडे नीट बघितलं, माझा चेहरा पडेल की नाही याचा अंदाज घेतल्यासारखं. मग म्हणाली, "वाईट. फार वाईट वाटतंय. मळमळतंय, आणि भीती वाटतेय. बस इथे."

मी बसले.